छंद म्हणून लेथ चालवणाऱ्यांनी मिळून हत्यार बनवताना: भाग वाटा, फिट वाटू नका

प्रश्नाचा आशय असा आहे: पुणे, कोल्हापूर, नाशिक अशा वेगवेगळ्या ठिकाणी राहणारे दहा जण घरच्या लहान लेथवर काम करतात. सर्वांनी मिळून एखादे उपयोगी हत्यार बनवावे, प्रत्येकाने एकेक भाग दहा नगांत तयार करावा आणि शेवटी प्रत्येकाच्या हाती एक पूर्ण हत्यार पडावे, अशी त्यांची कल्पना आहे. मागच्या खेपेस असा प्रयत्न झाला तेव्हा प्रत्येकाचा भाग ड्रॉइंगप्रमाणे असूनही जुळणीच्या वेळी भाग एकमेकांत बसले नाहीत. हत्यार कोणते निवडावे, काम कसे वाटावे आणि खर्चाचा हिशेब कसा ठेवावा, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आधी मुख्य मुद्दा सांगतो, कारण पुढचे सर्व त्यावरच उभे आहे. अशा कामात भाग कितीही जणांत वाटावेत, फिट, म्हणजे दोन भागांची एकमेकांत बसणारी जुळणी, मात्र वाटू नये. दांडा आणि तो ज्या भोकात सरकतो ते भोक, खाच आणि तिच्यात बसणारी कळ, टेपर (निमुळता भाग) आणि त्याचे सॉकेट या जोड्या आहेत. जोडीचे दोन्ही बाजूंचे काम शक्यतो एकाच हाताने, एकाच मायक्रोमीटरने व्हावे. ते शक्य नसेल तर दोन घरांच्या मध्ये आकड्याऐवजी प्रत्यक्ष वस्तू फिरली पाहिजे. म्हणजे एका घरून गेज (माप तपासण्याचा नमुना) किंवा तयार भाग जावा आणि दुसऱ्याने त्यावर बसवून आपले काम करावे. कारखान्यात टूलरूम, इन्स्पेक्शन आणि मोजमापाची उपकरणे एकाच छताखाली असतात, म्हणून तेथे ‘१६ मिमी’ या आकड्याचा अर्थ सर्वांसाठी एकच असतो. दहा घरांत दहा मायक्रोमीटर असले, की त्या आकड्याचे दहा अर्थ होतात. आपल्या मागच्या खेपेचे अपयश कोणाच्या हाताचे नसून बहुधा येथलेच असावे.

हत्यार निवडताना मोह आवरावा लागतो. डिव्हायडिंग हेड, टूल अँड कटर ग्राइंडर अशी मोठी स्वप्ने प्रत्येक गटात निघतात. ब्रिटिश मॉडेल इंजिनिअर प्रा. चॅडॉक यांचा १९७० च्या दशकातला ‘क्वॉर्न’ हा टूल ग्राइंडर पाहिला, की तो करावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यात ओतीव भाग, अनेक अचूक बोअर आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या पुष्कळ फिट आहेत. एकट्या माणसाने चिकाटीने करण्याचे ते काम आहे. दहा जणांच्या पहिल्या उपक्रमासाठी असे हत्यार घ्यावे, ज्यात खरा फिट दोन-तीनच ठिकाणी आहे, बाकीचे भाग अर्धा मिमी इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, आणि जे तयार झाल्यावर रोज वापरात येईल. या तिन्ही कसोट्यांवर टेलस्टॉकमध्ये (लेथच्या मागच्या टोकाच्या आधारात) बसणारा सरकता डाय-होल्डर (आटे पाडणारी डाय धरणारे हत्यार) उत्तम उतरतो. म्हणून तेच उदाहरण धरून पुढचे लिहितो.

या हत्याराचे काम साधे आहे. टेलस्टॉकच्या मोर्स टेपरमध्ये (प्रमाणित मापाच्या निमुळत्या भोकात) एक आर्बर बसतो आणि त्याचा पुढचा भाग १६ मिमीचा सरळ दांडा असतो. या दांड्यावर ४० मिमी व्यासाची एक स्लीव्ह (जाड नळी) मोकळेपणी सरकते. स्लीव्हच्या दोन्ही तोंडांना डाय बसवण्याचे खोलगट घर असते. एका बाजूला २० मिमीच्या डायसाठी, दुसऱ्या बाजूला २५ मिमीच्या डायसाठी. स्लीव्हला एक आडवी मूठ असते. जॉब (कातायचा तुकडा) फिरू लागला, की डाय आटे पाडत स्वतःच पुढे जाते आणि स्लीव्ह तिच्यामागोमाग दांड्यावरून सरकते, त्यामुळे आटे जॉबच्या अक्षाला सरळ पडतात. हाताच्या डाय-स्टॉकने पाडलेले आटे वाकडे जातात ही प्रत्येकाची तक्रार असते, आणि ती या हत्याराने कायमची मिटते.

ड्रॉइंग करण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. प्रत्येकाने आपल्याकडच्या डाय बाहेर काढून त्यांचा बाहेरचा व्यास आणि जाडी मोजावी, आणि तो तक्ता एका ठिकाणी जमा करावा. युरोपीय मानकाप्रमाणे एम ३ आणि एम ४ ची डाय २० मिमी व्यासाची व ५ मिमी जाडीची असते, एम ५ आणि एम ६ ची २० मिमी व्यासाची व ७ मिमी जाडीची, तर एम ८ ची २५ मिमी व्यासाची व ९ मिमी जाडीची. पण आपल्याकडच्या बाजारात इंची व्यासाच्या डायही सर्रास मिळतात. १३/१६ इंची डाय २०.६४ मिमीची असते आणि १ इंची डाय २५.४ मिमीची. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून किंवा पुण्याच्या बोहरी आळीतून वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या डाय एकाच डब्यात असतील, तर दोन्ही प्रकार मिसळलेले असण्याची शक्यता मोठी. २०.१ मिमीच्या घरात २०.६४ ची डाय जाणार नाही, आणि २०.७ च्या घरात २० ची डाय खडखडेल. फुटीर (एका बाजूला चिरलेली) डाय आवळण्याच्या व उघडण्याच्या स्क्रूंची जागाही प्रत्येक कंपनीच्या डायवर सारखी नसते. तक्ता समोर असला, की बहुमताचा व्यास ठरवता येतो आणि उरलेल्या दोघातिघांसाठी घराचा व्यास वेगळा ठेवता येतो. तसे नग ड्रॉइंगवर स्पष्टपणे वेगळ्या क्रमांकाने दाखवावेत.

टेलस्टॉकच्या टेपरचीही अशीच चौकशी करावी. मिनी लेथवर साधारणपणे एमटी २ (मोर्स टेपर क्रमांक २) असतो, मोठ्या जुन्या लेथवर एमटी ३. सर्वांसाठी एमटी २ चाच आर्बर करावा आणि एमटी ३ वाल्यांनी बाजारात सहज मिळणारी रिडक्शन स्लीव्ह (मोठ्या टेपरमध्ये लहान टेपर बसवणारी नळी) वापरावी. दोन प्रकारचे टेपर कापण्याचा आग्रह धरू नये, कारण खरी मेहनत एका सेटिंगमध्ये सर्व नग निघण्यातच वाचते.

आता फिटकडे येऊ. या हत्यारात ते तीन ठिकाणी आहे: दांडा आणि स्लीव्हचे भोक, आर्बरचा टेपर, आणि डायचे घर भोकाशी समकेंद्री असणे. तिन्ही ठिकाणी काम कोणत्या क्रमाने आणि कोणाकडे जाते, यावर सगळे ठरते.

दांडा आणि भोक या जोडीत आधी भोक, मग दांडा, हा क्रम मोडू नये. भोक रीमरने (भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) होते आणि रीमरचा आकार आपल्या हातात नसतो; दांड्याचा व्यास मात्र शेवटच्या कटापर्यंत आपल्या हातात असतो. १६ मिमीसाठी प्रमाणित मर्यादांतले एच ७ भोक म्हणजे १६.००० ते १६.०१८ मिमी, आणि जी ६ दांडा म्हणजे १५.९९४ ते १५.९८३ मिमी, यात किमान ६ आणि कमाल ३५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोकळीक राहते. डाय-होल्डरसाठी हे फिट योग्य आहे. गटाच्या पैशातून १६ मिमीचा एक चांगला मशीन रीमर घ्यावा आणि तेरा स्लीव्हची (दहा हत्यारांसाठी तीन जास्तीच्या धरून) तेरा भोके एकाच सभासदाने, त्याच रीमरने, शक्यतो सलग पूर्ण करावीत. आधी १५ मिमीचे ड्रिल, मग भोक सरळ होण्यासाठी बोअरिंग करून १५.७५ पर्यंत, आणि मग कमी वेगात भरपूर तेल देऊन रीमर. बोअरिंगची पायरी गाळण्याचा मोह होतो, पण ड्रिल वाकडे गेले असेल तर रीमर त्याच वाकड्या वाटेने जातो. टेलस्टॉक अक्षावर नसेल तर रीमर तोंडाशी भोक मोठे करतो, म्हणून पहिला प्रयोग टाकाऊ तुकड्यावर करून पाहावा.

भोके झाल्यावर त्यांतली एक स्लीव्ह दांडे करणाऱ्या सभासदाकडे पाठवावी. ही स्लीव्ह त्याचे गेज आहे. त्याने मायक्रोमीटरवर जी ६ च्या जवळ यावे आणि शेवटचे माप त्या स्लीव्हमध्ये दांडा सरकवून ठरवावे. दांडा कोरडा व स्वच्छ असताना स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरला पाहिजे, हलवल्यावर खडखड जाणवता कामा नये. अशी परीक्षा ठेवली, की त्याचा मायक्रोमीटर दहा मायक्रॉनने खोटे बोलत असला तरी फरक पडत नाही.

भोकांसाठी मात्र गो-नोगो प्लग गेज करून घेणे योग्य ठरेल. पुण्याजवळच्या भोसरी किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरच्या एखाद्या ग्राइंडिंग जॉबवर्क करणाऱ्याकडून ते घासून घेता येते. ‘गो’ बाजू १६.००० ची आणि भोकाइतकी लांब ठेवावी, ‘नोगो’ बाजू १६.०१८ ची आणि आखूड. लांबीतला हा फरक हेतुपुरस्सर आहे. ब्रिटिश अभियंते विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये मांडलेले तत्त्व असे, की गो गेजने भागाचा पूर्ण आकार एकदम तपासावा आणि नोगो गेजने एकेक माप सुटे तपासावे. भोक व्यासाने अचूक असूनही किंचित वाकले असेल, तर आखूड गो गेज त्यातून सहज निघून जाते आणि दांडा मात्र अडकतो. लांब गेज ही चूक जागेवरच पकडते.

आर्बरचे काम ज्याच्याकडे मोठा लेथ आहे त्याच्याकडेच द्यावे, आणि यात कोणी मान-अपमान आणू नये. एमटी २ च्या टेपरची लांबी सुमारे ६४ मिमी असते आणि लहान लेथच्या कंपाउंड स्लाइडची (टूल तिरके सरकवणाऱ्या वरच्या स्लाइडची) चाल बहुधा तेवढी नसते. मोर्स २ चा टेपर १:२०.०२ आहे, म्हणजे अर्धा कोन १ अंश २५ मिनिटे ५० सेकंद. कंपाउंडवरच्या अंशांच्या खुणा पाहून हा कोन लागणार नाही. खात्रीचा डेड सेंटर किंवा ड्रिल चकचा आर्बर दोन सेंटरांमध्ये धरावा, डायल इंडिकेटर टूलपोस्टवर टूलच्याच उंचीला बांधावा, आणि कंपाउंड सरकवताना काटा पूर्ण लांबीभर स्थिर राहीपर्यंत कोन हलवत राहावे. याला एक संध्याकाळ लागते. ती एकदा घालवली, की पुढचे सर्व आर्बर त्याच सेटिंगवर निघतात. लॉट संपेपर्यंत कंपाउंडच्या बोल्टला पाना लावू नये, आणि घरातील इतर कोणी लेथ वापरत असेल तर तशी चिठ्ठी लावून ठेवावी. टूलचे टोक अगदी सेंटरच्या उंचीला हवे. वर किंवा खाली असेल तर टेपरची रेषा सरळ न येता किंचित खोलगट येते आणि पुढे सांगितलेल्या निळीच्या परीक्षेत आर्बर फक्त दोन टोकांना टेकतो.

टेलस्टॉक सरकवून टेपर कापण्याची दुसरी पद्धत बरेच जण सुचवतात. १७० मिमी लांबीच्या आर्बरसाठी टेलस्टॉक सुमारे ४.२५ मिमी सरकवावा लागतो. एकाच नगाला ही पद्धत चालते. लॉटसाठी ती तेव्हाच चालेल, जेव्हा सर्व तुकड्यांची लांबी आणि सेंटर ड्रिलची खोली अगदी सारखी असेल. एक तुकडा २ मिमीने आखूड निघाला, तर ६४ मिमीच्या टेपरवर व्यासात जवळपास ०.०४ मिमीची चूक होते, आणि इतक्या चुकीने आर्बर टेलस्टॉकमध्ये पकडच घेत नाही. म्हणून ही पद्धत टाळावी, असे मी सुचवीन.

प्रत्येक आर्बरची निळीची परीक्षा करावी. टेपरवर लांबीच्या दिशेने मार्किंग ब्ल्यूच्या तीन बारीक रेघा ओढाव्यात, चांगल्या रिडक्शन स्लीव्हमध्ये आर्बर हलकेच दाबून थोडासा फिरवावा आणि बाहेर काढून पाहावे. रेघा पूर्ण लांबीभर पुसल्या गेल्या असतील तर टेपर योग्य आहे. फक्त जाड टोकाकडे पुसल्या गेल्या असतील तर कोन जास्त आहे, बारीक टोकाकडेच पुसल्या असतील तर कमी. टेपर आणि १६ मिमीचा दांडा हे दोन्ही दोन सेंटरांमध्ये, जॉब उलटसुलट न करता कापले, की दोघांचा अक्ष आपोआप एक होतो. आर्बर एकाच तुकड्याचा ठेवण्याचे कारण तेच: दोन तुकडे जोडण्याचा एक फिट आपण मुळातूनच काढून टाकला.

डायच्या घरांचे काम भोके करणाऱ्याकडेच ठेवावे. पहिले घर तर भोकाच्याच सेटिंगमध्ये, स्लीव्ह चकमधून न काढता कापायचे आहे. दुसऱ्या बाजूचे घर कापण्यासाठी स्लीव्ह उलटी करावी लागते, आणि येथे तीन-जबड्यांच्या चकवर विश्वास ठेवू नये. चकमध्ये धरलेल्या तुकड्यावर १६ मिमीचा एक आखूड मँड्रेल (भोकात बसणारा खुंट) जागेवरच कातून घ्यावा, स्लीव्ह त्यावर बसवावी आणि मग दुसरे घर कापावे. मँड्रेल जागेवरून हलवला नाही तर तेराही स्लीव्हना तो तितकाच खरा राहतो. एका घरी भोक आणि दुसऱ्या घरी डायचे घर, अशी वाटणी मी कधीच मान्य केली नसती.

काम सुरू करण्यापूर्वी सर्वांचे मायक्रोमीटर एका रेषेत आणण्याचा एक स्वस्त उपाय आहे. रोलर बेअरिंगचे दोन-तीन वेगवेगळ्या व्यासांचे रोलर किंवा घासलेल्या डॉवेल पिन घ्याव्यात, त्यांना क्रमांक द्यावेत, तेलकट कागदात गुंडाळून एका डबीत ठेवाव्यात, आणि ही डबी सर्व सभासदांकडे क्रमाने फिरवावी. प्रत्येकाने तीच पिन मोजून आकडा लिहावा, दुसऱ्याचा आकडा न पाहता. डबी परत आली, की कोणाचे साधन किती वर किंवा खाली दाखवते ते समोर येते. ०.०१ मिमीपर्यंतचा फरक अगदी नेहमीचा असतो. त्याहून मोठा फरक निघाला तर बहुधा शून्याची जुळणी बिघडलेली असते, किंवा तोंडांवर बारीक बर (धातूची उरलेली धार) अथवा मळ असतो. डिजिटल व्हर्निअर लांबी आणि खोलीसाठी उत्तम आहे. फिटचे माप त्यावर घेऊ नये.

तापमानाचाही विचार हवा. मापांचे जागतिक प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसच्या आसपास पारा असतो. पोलादी जॉब आणि पोलादी मायक्रोमीटर दोन्ही त्याच तापमानाला असतील तर दोघे सारखेच प्रसरण पावतात आणि अडचण येत नाही. अडचण येते ती नुकत्याच कातलेल्या गरम जॉबमुळे. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते; १६ मिमीचा दांडा हाताला चटका बसेल इतका, म्हणजे खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम असेल, तर तो सात मायक्रॉनहून अधिक फुगलेला असतो. जी ६ ची सगळी पट्टीच ११ मायक्रॉनची आहे. शेवटच्या कटापूर्वी जॉब थंड होऊ द्यावा, गरज वाटल्यास पाण्याच्या बादलीत बुडवून कोरडा करून घ्यावा.

ड्रॉइंग एकाच माणसाने करावे आणि त्याच्याशिवाय कोणी त्यात बदल करू नये. प्रत्येक आवृत्तीवर तारीख व अक्षर असावे आणि नवी आवृत्ती निघाली, की जुनी सर्वांनी फाडून टाकावी. सर्व मापे मिमीत द्यावीत. इंची डायलच्या लेथवर काम करणाऱ्यांसाठी इंचातले रूपांतर ड्रॉइंगवरच छापावे; प्रत्येकाने घरी स्वतः रूपांतर करून पूर्णांक धरला, की फरक पडलाच म्हणून समजावे. बोलताना कोणी थाऊ म्हणतो, कोणी मायक्रॉन म्हणतो, जुने कारागीर सूत म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग आणि एक थाऊ म्हणजे २५.४ मायक्रॉन. फोनवर सांगितलेले माप हे माप नव्हे, असा नियमच करावा. आपल्याकडे आयटीआयपासून प्रथम कोन प्रक्षेप (ड्रॉइंगमध्ये दृश्ये मांडण्याची एक पद्धत) शिकवला जातो आणि अमेरिकी ड्रॉइंग तृतीय कोनात असते, म्हणून प्रक्षेपाचे चिन्ह चौकटीत हवेच. मुठीचे भोक उलट्या बाजूला पडलेला संपूर्ण लॉट मी पाहिलेला आहे. ज्या मापांना महत्त्व नाही, त्यांच्यासमोर ‘±०.५’ असे ठळक लिहावे. हौशी माणूस प्रामाणिक असतो आणि सांगितले नाही तर मुठीची लांबीसुद्धा शतांशात आणण्यासाठी सुट्टी खर्ची घालतो.

पहिला पूर्ण नग तयार होऊन वापरून पाहिल्याशिवाय कोणीही लॉट सुरू करू नये. हा नग गटातल्या सर्वात अनुभवी सभासदाने एकट्याने, सर्व भाग स्वतः करून बनवावा. त्यावर पितळी सळईला एम ६ चे आणि माइल्ड स्टीलला एम ८ चे आटे पाडून पाहावेत. ड्रॉइंगमधल्या चुका येथेच सापडतात: स्क्रूचे डोके चकच्या जबड्याला लागते, आखूड आर्बर टेलस्टॉकच्या स्क्रूने बाहेर ढकलला जात नाही, लांब आटे पाडताना जॉबचे टोक दांड्याच्या तोंडावर आदळते. यातल्या शेवटच्या अडचणीसाठी दांड्याच्या पुढच्या तोंडात ९ मिमीचे, ४० मिमी खोल भोक ठेवावे आणि त्याच्या तोंडाचा ६० अंशांचा चॅम्फर सेंटर म्हणून वापरावा.

माल एकत्रच खरेदी करावा. स्लीव्ह आणि आर्बर दोन्हींसाठी ईएन १ए हे फ्री-कटिंग पोलाद घेतले तर लहान लेथवरही स्वच्छ कातकाम होते आणि आटे फाटत नाहीत. ईएन ८ अधिक मजबूत आहे, पण या हत्याराला त्या ताकदीची गरज नाही. वजनाचा हिशेब दुकानात जाण्यापूर्वी करून ठेवावा. गोल सळईचे मीटरमागे किलोतले वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. चाळीसच्या सळईचे ९.८८ किलो येते. तेरा स्लीव्हसाठी प्रत्येकी ६५ मिमी आणि करवतीचे ३ मिमी धरले, तर ८८४ मिमी, म्हणजे पावणेनऊ किलोच्या आसपास. आर्बरसाठी वीसची सळई, प्रत्येकी १७८ मिमी धरून सव्वादोन मीटरहून थोडी जास्त, साधारण पाच किलो सातशे ग्रॅम. दहा हत्यारांसाठी तेरा तुकडे धरले आहेत, कारण एक पहिल्या नगात जातो आणि एक-दोन सेटिंग लावताना खर्ची पडतात. एकाच सळईतून सर्व तुकडे कापले, की कातताना धातूचा स्वभाव बदलत नाही आणि फीड, वेग पुन्हा शोधावे लागत नाहीत.

पैशांबाबत माझे मत ठाम आहे. माल, रीमर, गेज, ब्लॅकोडायझिंग (पोलादाला काळा थर देणे) आणि कुरियर यांचा अंदाज काढून सर्वांकडून सारखी वर्गणी आधी जमा करावी, एकानेच हिशेब ठेवावा आणि प्रत्येक पावतीचे छायाचित्र सर्वांना दिसावे. मजुरी कोणाचीही धरू नये. एकदा का आर्बर करणाऱ्याचे तास आणि मूठ करणाऱ्याचे तास यांची तुलना सुरू झाली, की उपक्रम संपतो. तयार हत्यार विकायचे की नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. माझ्या मते दहाही नग सभासदांकडेच राहावेत. रीमर व गेज गटाच्या मालकीचे असावेत आणि ते कोणाकडे आहेत याची नोंद असावी.

उरलेल्या कामांची वाटणी सोपी आहे. सळई कापून तोंडे मारणे हे पॉवर हॅकसॉ किंवा बँडसॉ असलेल्याकडे, मुठी आणि त्यांचे नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी पाडणे) सर्वात लहान लेथवाल्याकडे, स्क्रूंच्या भोकांसाठी ड्रिल जिग एकाने करून दुसऱ्याने तिच्यात भोके पाडून एम ५ चे आटे मारावेत. जिग केली, की भोके पाडणाऱ्याला मार्किंग करावे लागत नाही आणि प्रत्येक स्लीव्हवर स्क्रूंचे कोन सारखे येतात. ज्यांच्याकडे सध्या मशीन बंद आहे किंवा जागा नाही, त्यांनी प्रत्येक भागाचे बर कानसीने काढणे, तपासणीचा तक्ता भरणे आणि पॅकिंग ही कामे घ्यावीत. हे काम कमी दर्जाचे नाही. डायच्या घराच्या तळाशी राहिलेला एक बारीक बर डायला तिरके बसवतो आणि मग सगळा दोष आर्बरवर येतो. ब्लॅकोडायझिंग सर्वांत शेवटी, एकाच वेळी द्यावे. त्याने मापात जाणवेल असा फरक पडत नाही, पण गेजवर बसवून तपासणी मात्र आधीच उरकावी.

वेळापत्रक करताना गणपती आणि दिवाळीचे आठवडे सरळ वगळावेत. प्रत्येक टप्प्याला वाटते त्याच्या दुप्पट मुदत द्यावी, आणि भोके व आर्बर या दोन कामांसाठी दुसऱ्या सभासदाला आधीपासून तयार ठेवावे. बदली, आजारपण, घरातले लग्न यांमुळे एखादा माणूस मध्येच अडकतो, आणि त्याच्या घरी तेरा अर्धवट स्लीव्ह पडून राहिल्या तर बाकीचे नऊ जण थांबतात. अर्धवट काम दुसऱ्याकडे सोपवताना त्याबरोबर गेज, मँड्रेल आणि सेटिंगच्या नोंदीही गेल्या पाहिजेत.

जुळणी कुरियरने न करता सर्वांनी एका ठिकाणी जमून करावी. पुण्यात एखाद्याच्या वर्कशॉपमध्ये एक रविवार पुरतो. प्रत्येक भागावर करणाऱ्याचे आद्याक्षर ठोकलेले असावे, म्हणजे काही अडले तर कोणाला विचारायचे ते कळते. भागांचे ढीग करून कोणताही आर्बर आणि कोणतीही स्लीव्ह उचलून बसवून पाहावी. निवडून जोड्या लावू नयेत. कोणताही भाग कोणत्याही भागात बसला, तरच पुढे एखाद्याची स्लीव्ह पडून खराब झाल्यास शिल्लक स्लीव्ह त्याला उपयोगी पडेल. जो भाग गेजमध्ये बसत नाही तो बाजूला ठेवावा आणि त्याचे काय करायचे हे करणाऱ्यानेच सांगावे. शक्य असल्यास तेथेच दुरुस्त करावा, नसल्यास शिलकीतला घ्यावा. त्यावर चर्चा वाढवू नये.

तयार हत्यार वाटताना वापराची पद्धतही प्रत्यक्ष दाखवावी. एम ६ पर्यंत लेथच्या सर्वात कमी वेगावर, त्याहून मोठ्या आट्यांना लेथ बंद ठेवून चक हाताने फिरवून काम करावे. मूठ हातात हलकी धरावी, म्हणजे डाय जॉबच्या खांद्याला (जाड भागाच्या कडेला) टेकताच ती सोडून देता येते. मनगटाभोवती धागा किंवा लांब बाही नसावी, आणि हातमोजे तर मुळीच नसावेत.

डबीतल्या पिनांची पहिली फेरी आणि डायचा तक्ता ही दोन कामे या आठवड्यातच सुरू करता येतील. त्यांना ना माल लागतो, ना वर्गणी. तक्त्यात एम १० आणि एम १२ च्या डाय बऱ्याच जणांकडे निघाल्या, तर ३० आणि ३८ मिमीच्या घरांची दुसरी स्लीव्ह पुढच्या लॉटमध्ये घ्यावी. तिचे भोकही १६ मिमीचेच ठेवावे आणि तोच रीमर, तेच गेज वापरावे, म्हणजे आखूड आट्यांसाठी आजचा आर्बर तिलाही चालेल.